दृष्टीची किंमत कोणी ठरवावी?

डोळ्याच्या पडद्याचे अनेक विकार आनुवंशिक असतात. त्यांपैकी ‘आरपीई-६५’ या एका जनुकातील दोषामुळे येणाऱ्या अंधत्वावरील ‘लक्स्टर्ना’ या उपचाराला डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत निर्दोष जनुक पडद्याखाली पोचवावयाचे, अशी ही पद्धत. तिने दृष्टी पूर्णपणे येत नाही. परंतु मंद उजेडात चाचपडणारी मुले स्वतः वाट काढू लागली, हे यश लहान नव्हे.

आक्षेप आहे तो किमतीला. दोन्ही डोळ्यांचे मिळून ८,५०,००० डॉलर. आजच्या दराने सात कोटी रुपयांहून अधिक! संशोधनाचा खर्च भरून निघावयास नको काय, असा प्रश्न यावर हमखास येतो. अवश्य निघावा. पण तो केला कोणी? २००१ साली जन्मांध कुत्र्यांवरील प्रयोग यशस्वी झाला, तेव्हा ‘स्पार्क’ ही कंपनी अस्तित्वातही नव्हती. विद्यापीठे, फिलाडेल्फियाचे बाल रुग्णालय, सरकारी अनुदाने आणि लोकांच्या देणग्या यांवर हे ज्ञान वाढले. पुढे सरकारने बक्षीस म्हणून दिलेला, दुसऱ्या औषधाच्या लवकर तपासणीचा परवाना कंपनीने २०१८ साली ११ कोटी डॉलरला विकला. २०१९ मध्ये रोशने ती कंपनीच सुमारे ४३० कोटी डॉलरना घेतली.

मक्तेदाराची किंमत खर्चाइतकीच ग्राहकाच्या निकडीवर ठरते, हे आम्ही वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवीत असू. अंध होत चाललेल्या मुलाच्या आईबापांची निकड त्या आकृतीत कोणत्या रेषेने दाखवावी?

इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने २०१९ मध्ये ६,१३,४१० पौंडांच्या छापील किमतीवर सवलत मिळवून हा उपचार आपल्या रुग्णांना खुला केला. सवलत किती, हे मात्र गुप्त. पैसा करदात्याचा असूनही! तरीही सर्वांच्या वतीने एकच ग्राहक उभा राहिला की मक्तेदारालाही वाकावे लागते, एवढे त्यातून दिसले.

आपल्याकडील २०२१ च्या दुर्मीळ आजार धोरणात एका रुग्णामागे मदतीची कमाल मर्यादा ५० लाख आहे. या किमतीपुढे ती कोठे पुरणार? मर्यादा नुसती वाढविणे म्हणजे खजिना कंपनीच्या हवाली करणे. शासनाने स्वतः घासाघीस करावी, आणि सरकारी पैशातून होणाऱ्या जनुक-संशोधनाचे हक्क देतानाच किमतीची अट घालावी. जनुकचाचणी तर जिल्हा रुग्णालयामार्फत मोफत हवी. दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो, आणि मामेबहिणीशी लग्नाची चाल असलेल्या आपल्या समाजात त्याची शक्यता वाढते. पडद्यातील पेशी जिवंत असेपर्यंतच या उपचाराचा उपयोग आहे. वाटाघाटी लांबतात तसतशा त्या मरत असतात.