अंगणवाडी पाहायची तर तासभर बसून पाहा

जून जवळ आला की भोर-वेल्ह्यातल्या घरोघरी बोलणं सुरू होतं. अमक्या गावच्या अंगणवाडीला फरशी बसली, तमकीच्या भिंतींवर चित्रं काढली, आपलीच मागं राहिली. मायबापहो, तुलना जरूर करा. पण भिंतींची नको, तिथं पोराचा दिवस कसा जातो याची करा.

त्यासाठी अंगणवाडी भरल्यावर तासभर तिथं बसा. सेविकाताई गोष्ट सांगताना मध्येच थांबून "मग पुढं काय झालं असेल?" असं विचारतात का? मुलं धीटपणे उत्तरं देतात का? चिंचोके मोजणं, पानं लहान-मोठी लावणं, गाणी, मातीकाम, हेच या वयाचं शिक्षण. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीत गावच्याच वस्तू घेऊन बालशिक्षण उभं केलं. तीन वर्षांच्या पोराकडून एबीसीडी गिरवून घेतात म्हणून ती शाळा भारी, असं समजू नका.

मग आहार बघा. उसळीत कडधान्य आहे की नुसतं पाणी? हात धुवायला पाणी आणि वापरता येईल असं शौचालय आहे का? शेवटी आपल्या पोराचा वाढीचा तक्ता मागा. वजन दर महिन्याला व्हायलाच हवं. तक्त्यावरची रेघ वर चढत असेल तर ठीक. ती आडवी झाली किंवा खाली आली, तर घरी थांबू नका, पोराला आरोग्य केंद्रात दाखवा.

तुलना न्यायाची मात्र हवी. महामार्गालगतचं कापूरहोळ आणि घाटमाथ्याचं केळद यांना एकाच मापानं मोजता येणार नाही. आवणाच्या दिवसांत आईबाप खाचरात असतात, ओढे भरतात, वाडीवरची पोरं येऊ शकत नाहीत. तिथं पटावरच्या आकड्यापेक्षा पावसात पोरांना कोण आणतं-नेतं, हे विचारा. आणि आपल्या अंगणवाडीची खरी तुलना तिच्याच गेल्या वर्षाशी करा.

उणीव दिसली म्हणून सेविकेवर राग काढू नका. त्या मानधनावर राबतात. पोरं सांभाळायची, वजनं घ्यायची, वर मोबाइलवर सगळी माहितीही भरायची. आधी त्यांच्याशी बोला, मग पर्यवेक्षिकेशी, तरीही काम झालं नाही तर बाल विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 10 टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. आयांनो, त्या सभेला या. या निधीतून अंगणवाडीसाठी काय केलं ते विचारा, वजनकाटा, पाणी, खेळणी यांची मागणी ठरावात लिहून घ्या, आणि ठराव वाचून झाल्याशिवाय उठू नका.