झोंबणं म्हणजे काम करणं नव्हे

इंदूरच्या कुठल्याही पार्लरमध्ये पील लावून बसलेली मुलगी कळवळली की एक ठरलेलं वाक्य कानावर येतं : "थोड़ा झनझनाएगा दीदी, मतलब काम कर रहा है." हे वाक्य धादांत खोटं आहे. मी रसायनशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं. प्रयोगशाळेत विरल आम्लाची परीक्षानळी हातात देतानाही मी मुलींना चष्मा लावायला भाग पाडत असे. त्याच मुलींच्या चेहऱ्यावर आज कोणीही उठतं आणि टक्का, पीएच, वेळ यांपैकी काहीही न मोजता आम्ल फासतं. हे मला सहन होत नाही आणि मी ते सहन करणारही नाही.

मिनिटभर किंचित चुरचुरलं तर समजू शकते. त्यापुढची आग म्हणजे त्वचा थांबवा म्हणून सांगते आहे. नीट वापरलेलं ॲसिड बहुतेकदा जाणवतही नाही.

ॲसिडशी माझं वैर नाही, हे आधीच सांगते. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. ग्लायकोलिक, लॅक्टिक, मँडेलिक ही आम्लं त्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारे दुवे सैल करतात आणि सुटलेल्या पेशी गळून जातात. सॅलिसिलिक ॲसिड तेलात मिसळतं, म्हणून तेलाने तुंबलेल्या रंध्रांत शिरतं आणि मुरमांवर उपयोगी पडतं. १९७४ साली युजीन व्हॅन स्कॉट आणि रुई यू या अमेरिकेतल्या दोघांनी ही फळांतली, दुधातली आम्लं इक्थिओसिसच्या म्हणजे खवलेदार कोरड्या त्वचेच्या रुग्णांवर वापरून दाखवली, तिथून हा सगळा प्रवास सुरू झाला. उपचार म्हणून जन्मलेली ही गोष्ट आपण उतावळेपणाने जखमेवर आणून ठेवली आहे.

बाटलीवर ठळक आकडा असतो : १०%. मुली तोच बघून घेतात, दुकानदार तोच सांगून विकतो. हा आकडा एकटा असेल तर त्याला काडीची किंमत नाही. आम्लाचा मुक्त भाग काम करतो आणि तो किती आहे हे पीएचवर ठरतं. ग्लायकोलिकचं द्रावण ३.८ पीएचला असेल तर त्यातलं जवळपास निम्मं आम्ल मुक्त असतं. तेच द्रावण ५.५ला आणा, मुक्त राहतात शंभरातले जेमतेम दोन भाग. आणि २ला न्या, तर जवळजवळ सगळंच मोकाट. म्हणजे "१०%" लिहिलेल्या दोन बाटल्यांपैकी एक पाण्यासारखी निरुपद्रवी आणि दुसरी कातडी सोलणारी असू शकते. आपल्याकडे पीएच छापण्याची सक्ती नाही, म्हणून बहुतेक कंपन्या तो छापत नाहीत. ज्या छापतात त्यांचंच घ्या, बाकीच्यांचं दुकानात पडून राहू द्या. आणखी एक, ग्लायकोलिकचा रेणू या सगळ्यांत लहान, म्हणून तो सर्वांत झपाट्याने आत शिरतो. मँडेलिकचा रेणू वजनाने त्याच्या दुप्पट, त्यामुळे तो सावकाश जातो. आपल्या सावळ्या, गव्हाळ त्वचेला सुरुवातीला सावकाश जाणारंच बरं, आणि दुकानात नेमकं हेच कोणी सांगत नाही.

सुरक्षित मर्यादा कोणालाच ठाऊक नाही अशातला भाग नाही. अमेरिकेतल्या कॉस्मेटिक इन्ग्रेडियंट रिव्ह्यू या तज्ज्ञमंडळाने १९९८ साली ती लिहून ठेवली : ग्लायकोलिक आणि लॅक्टिक घरी वापरायचं तर जास्तीत जास्त १० टक्के, पीएच ३.५च्या खाली नाही, आणि उन्हापासून बचावाची सोय हवी. सलूनमध्ये ३० टक्क्यांपर्यंत, पीएच ३च्या खाली नाही, थोडा वेळ लावून स्वच्छ धुवायचं, आणि तेही प्रशिक्षित माणसाच्या हातून. ही ३० टक्क्यांची, रक्तासारखी लाल बाटली आज अकरावीतल्या मुलीच्या न्हाणीघरात फळीवर उभी आहे. मोबाइलवर कोणीतरी लाल चेहऱ्याने हसत दहा मिनिटं बसतं, ते पाहून ही वीस मिनिटं बसते. त्याहून तीव्र पील तर थेट घरपोच येतात, त्यात ट्रायक्लोरोॲसेटिक ॲसिडसुद्धा. हे आम्ल त्वचेतली प्रथिनं गोठवतं आणि चेहरा पांढरा पडतो. जुलै २०२४मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर इशारा दिला की अशी तीव्र पील डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय विकत घेऊ नका, वापरू नका. आपल्याकडे त्याची बातमी कितीजणींपर्यंत पोचली?

आता इंदूरच्या उन्हाकडे वळते, कारण खरं नुकसान तिथे होतं. कर्कवृत्त उज्जैनजवळून जातं आणि इंदूर त्याच्या दक्षिणेला, म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य बरोब्बर आपल्या डोक्यावर येतो. फेब्रुवारी संपतो न संपतो तोच माळव्याचं ऊन चटके द्यायला लागतं. आणि १० टक्के ग्लायकोलिक, ३.५ पीएच, चार आठवडे, म्हणजे वर सांगितलेल्या मर्यादेच्या आतलंच प्रमाण, लावलेल्या त्वचेची अतिनील किरणांनी लाल होण्याची प्रवृत्ती १८ टक्क्यांनी वाढते, पेशींचं नुकसान सरासरी दुप्पट होतं, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं. ॲसिड बंद केल्यावर आठवड्याभरात हा परिणाम ओसरला. म्हणून २००५ साली तिथे अशा उत्पादनांवर उन्हाचा इशारा छापण्याची मार्गदर्शक सूचना निघाली : वापरताना आणि त्यानंतरचा आठवडाभर सनस्क्रीन लावा. आपल्या दुकानांत ॲसिड विकताना सनस्क्रीनचं नाव काढणारा विक्रेता मला अजून भेटायचा आहे.

"मी तर तोंडाला ओढणी बांधते" असं स्कूटीवरची प्रत्येक मुलगी सांगते. पातळ पांढरी सुती ओढणी ऊन पुरेसं अडवत नाही, आणि घामाने भिजली की आणखी कमी अडवते. वर ती गालावर दिवसभर घासत राहते, त्याच गालावर, ज्याचा वरचा थर काल रात्री आम्लाने सैल केला. दोन बोटांच्या लांबीएवढं सनस्क्रीन, तेही दर दोन-तीन तासांनी पुन्हा, हे ज्यांना जमणार नाही त्यांनी ॲसिडच्या वाटेला जाऊच नये. दुसरा मार्ग नाही.

रंगपंचमीचं घ्या. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, टँकरमधून रंगीत पाणी उडतं, गुलाल तीन मजले वर जातो, आणि हे सगळं भर दुपारच्या उन्हात. घरी आल्यावर पोरी रंग काढायला बसतात : आधी बेसन आणि लिंबू, मग दगडाने घासणं, काहीजणी तर रॉकेलचा बोळा. लिंबाचा पीएच २च्या आसपास असतो, हे शाळेत शिकवलेलं कोणी लक्षात ठेवत नाही, कारण ते घरातलं आहे, "नैसर्गिक" आहे. त्या सोललेल्या, खरचटलेल्या चेहऱ्यावर रात्री ॲसिडचं सीरम चढतं, "उरलेला रंग उतरेल" म्हणून. रंग उतरत नाही. कातडी उतरते. गेरेच्या आधी आठवडाभर ॲसिड बंद ठेवायचं, चेहऱ्याला खोबरेल तेल लावून जायचं, रंग साध्या साबणाने दोन-तीन दिवसांत जाऊ द्यायचा आणि त्वचा शांत झाल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. एवढं सोपं आहे ते.

माझ्या भाचीचं लग्न अक्षय्य तृतीयेचं ठरलं. बघायला आलेल्यांपैकी एक बाई जाता जाता म्हणाल्या, "मुलगी गोड आहे, फक्त रंग जरा दबलेला." या एका वाक्यावर पार्लरचं नवरीचं पॅकेज उभं राहिलं, दर आठवड्याला पील, ऐन एप्रिलमध्ये. कुठलं ॲसिड, किती टक्के, हे तिला कोणी सांगितलं नाही. ग्लायकोलिकचं पील वेळेवर निष्प्रभ करावं लागतं, सोड्याच्या द्रावणाने किंवा भरपूर पाण्याने, नाहीतर ते आत काम करतच राहतं. तिथल्या मुलीने ते ओल्या कापसाने नुसतं पुसलं. नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांवरची जागा, जिथे द्रव साचतो, तिथे तपकिरी पापुद्रा धरला. हळदीच्या दिवशी करवलीने गालाला हळद लावली आणि पोरगी किंचाळली.

पापुद्रा गेला, डाग राहिले. गोऱ्या कातडीला भाजलं तर बहुतेकदा ती लाल होऊन ओसरते. आपल्यासारख्या त्वचेत रंगद्रव्य करणाऱ्या पेशी जरा दाह झाला की कामाला लागतात, आणि जिथे भाजलं तिथे काळा डाग महिनोन् महिने ठाण मांडून बसतो. म्हणजे जो रंग घालवायला बसली तोच दामदुपटीने पदरात पडला. पुढे नेहमीचंच झालं. गल्लीतल्या मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली, आठ दिवसांत चेहरा काचेसारखा. त्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांची मोट बांधलेली असते. काही महिन्यांत गालावर केस, बारीक लाल शिरा, फोडांचा पूर, आणि क्रीम थांबवलं की आग. त्वचारोगतज्ज्ञांनी देशभरातल्या, चेहऱ्याच्या त्वचेची तक्रार असलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी करून २०११ साली लिहिलं, त्यातले ४३३ चेहऱ्यावर स्टेरॉइड लावत होते. २०१८ साली सरकारने अशी १४ स्टेरॉइडची क्रीमं शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. चिठ्ठी विचारणारे दुकानदार मला सापडलेले नाहीत.

म्हणून सांगते, दोष बाटलीपेक्षा मोठा आहे. वधू-वर मेळाव्याच्या परिचयपुस्तिकेत अजून "वर्ण" असा रकाना असतो आणि शिकल्या-सवरल्या घरांतले आईबाप त्यात "निमगोरी" भरतात. ॲसिडने कोणी गोरं होत नाही. मृत थर गेला की चेहरा नितळ दिसतो, डाग फिके पडतात, एवढंच त्याचं काम. जन्माचा रंग त्याच्या खाली, जिवंत पेशींत असतो आणि तिथे पोचणारं आम्ल म्हणजे भाजणारं आम्ल. हे माहीत असूनही जे पार्लर "ग्लो" म्हणत गोरेपणा विकतं ते फसवणूक करतं, आणि मुलीला तिथे धाडणारी आई त्या फसवणुकीत सामील असते.

वापरायचंच आहे? मग पाच टक्के लॅक्टिक किंवा मँडेलिक घ्या. आधी कानामागे लावून दोन दिवस थांबा. आठवड्यातून एकदा, रात्री, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर लावा आणि वर साधं मॉइश्चरायझर. त्या रात्री रेटिनॉल नाही, स्क्रब नाही. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केलं असेल तर काही दिवस ॲसिड नाहीच. मुरमांसाठी सॅलिसिलिक दोन टक्क्यांपर्यंत पुरे, पण दिवस गेले असतील किंवा ॲस्पिरिनची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. महिनाभर काही बदल दिसला नाही तरी टक्का वाढवायचा नाही, त्वचेला नवी व्हायला तेवढा वेळ लागतोच. चुकून भाजलंच तर भरपूर साधं पाणी, मग नुसतं व्हॅसलिन, आणि थेट त्वचेचा डॉक्टर. टूथपेस्ट नाही, लिंबू नाही, मेडिकलवाल्याची ट्यूब तर मुळीच नाही.

पार्लरच्या खुर्चीवर बसण्याआधी विचारा : आम्ल कुठलं, किती टक्के, पीएच किती, किती मिनिटांनी निष्प्रभ करणार आणि कशाने. एका जरी प्रश्नाला "कुछ नहीं होगा दीदी" हे उत्तर आलं, तर आगाऊ भरलेले पैसे बुडाले तरी चालतील, पर्स उचला आणि बाहेर पडा.