पुसून टाकलेले हसू

गेलेल्या काळाविषयीची हुरहुर ही उतारवयातील एक निरुपद्रवी चैन आहे, असे मानण्याची प्रथा आहे. ब्रिटनमधील जी पिढी आज सत्तरीच्या पलीकडे गेली आहे, ती कृष्णधवल दूरचित्रवाणीवरील विनोदी नटांच्या आठवणी काढू लागली की समोरचे तरुण सौजन्यापुरते हसतात आणि विषय बदलतात. टोनी हॅन्कॉकचे नाव त्यांनी निदान ऐकलेले असते. परंतु आर्थर हेन्स, जिमी एडवर्ड्स, हॅरी वर्थ, चार्ली ड्रेक, फ्रेडी फ्रिंटन ही नावे आता बहुतेकांना परकी झाली आहेत. अभिरुची पालटते, कालचा विनोद आज शिळा होतो, काळ आपले काम करतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. पुरते खरे मात्र नाही. या नटांना विस्मृतीत लोटण्याचे काम एकट्या काळाने केलेले नाही. त्यातील मोठा वाटा कचेऱ्यांत बसून घेतलेल्या निर्णयांचा आहे.

युद्धातून आलेले विदूषक

१९५३ साली राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक झाला आणि तो पाहण्यासाठी सामान्य ब्रिटिश घरांत दूरचित्रवाणीचा संच आला. १९५५ साली आयटीव्हीच्या रूपाने बीबीसीला प्रतिस्पर्धी मिळाला. १९६९च्या नोव्हेंबरात दोन्ही प्रमुख वाहिन्या रंगीत झाल्या. या दीड दशकात पडद्यावर आलेले विनोदी नट बहुतांशी महायुद्धाच्या मुशीतून निघालेले होते. हॅन्कॉक हवाई दलाच्या करमणूक पथकात तयार झाला. हेन्स लष्करी रंगमंचावर घडला. एडवर्ड्स तर वैमानिक होता. १९४४ साली आर्नेमच्या मोहिमेत त्याचे विमान कोसळले आणि चेहऱ्यावरील जखमांच्या खुणा झाकण्यासाठी राखलेल्या झुपकेदार मिशा हीच पुढे त्याची ओळख झाली.

मृत्यू जवळून पाहिलेल्या या माणसांनी शांततेच्या काळात विनोदासाठी विषय निवडला तो माणसाच्या पोकळ प्रतिष्ठेचा. रे गॅल्टन आणि अ‍ॅलन सिम्प्सन यांनी लिहिलेला हॅन्कॉक हा लंडनच्या एका कल्पित उपनगरात राहणारा, स्वतःला थोर समजणारा आणि जगाने आपली कदर केली नाही म्हणून सदैव रुसलेला मध्यमवर्गीय आहे. १९६१च्या जून महिन्यात प्रक्षेपित झालेल्या 'द ब्लड डोनर' या भागात तो मोठ्या त्यागाच्या आविर्भावात रक्तदानास जातो. आपल्याकडून एखाद्या थेंबाची अपेक्षा असेल, या समजुतीत असलेल्या त्याला चांगले अर्धा लिटरहून अधिक रक्त द्यावे लागणार हे कळते, तेव्हा त्याचा सारा त्याग गळून पडतो. अखेरीस सुरीने हात कापून घेऊन तो त्याच रुग्णालयात परत येतो आणि त्याने दिलेले रक्त त्यालाच चढविले जाते. परोपकाराचा असा चोख हिशेब क्वचितच कोणी मांडला असेल.

एडवर्ड्सने 'व्हॅक-ओ!' या मालिकेत छडीबहाद्दर आणि अप्रामाणिक मुख्याध्यापक उभा केला. हॅरी वर्थचा भाबडा सद्गृहस्थ सरकारी खिडकीपाशी येऊन, कोणताही वाईट हेतू नसताना, समोरच्या कारकुनाची मती गुंग करून सोडी. दुकानाच्या काचेच्या कोपऱ्याशी उभे राहून एक हात आणि एक पाय उचलायचा, म्हणजे प्रतिबिंबामुळे माणूस अधांतरी तरंगल्यासारखा दिसतो. त्याची ही युक्ती असंख्य शाळकरी मुलांनी करून पाहिली. आर्थर हेन्सचा भटक्या तर निकोलस पार्सन्सने रंगविलेल्या सभ्य गृहस्थांना अशा गाफील क्षणी गाठी की, ब्रिटिश वर्गव्यवस्थेची शिवण तेथल्या तेथे उसवावी. हे संवाद लिहिणारा जॉनी स्पाइट हा स्वतः लंडनच्या कामगार वस्तीत वाढला होता.

मराठी वाचकाला हे इंग्लंड अगदीच अपरिचित नाही. पु. ल. देशपांडे याच काळात दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले होते आणि त्या प्रवासातून १९६०चे 'अपूर्वाई' हे पुस्तक जन्माला आले. त्यांनी पाहिलेला इंग्रज आणि हॅन्कॉकने रंगविलेला इंग्रज एकाच काळातले.

फितीची किंमत

त्या काळातील पुष्कळसे कार्यक्रम थेट प्रक्षेपित होत. चूक झाली तर ती साऱ्या देशासमोर होई. १९६१ साली अशाच एका प्रक्षेपणात चार्ली ड्रेकला पुस्तकांच्या कपाटातून आरपार फेकण्यात आले. सहज मोडेल असे तयार केलेले ते कपाट कोणा तत्पर कारागिराने पक्के करून ठेवले होते. ड्रेक पडद्यावर बेशुद्ध पडला, त्याच्या कवटीला इजा झाली आणि कार्यक्रम तेथेच थांबवावा लागला. थेट प्रक्षेपणाचे बहुतेक प्रयोग नाटकाच्या प्रयोगाप्रमाणे हवेत विरून गेले, आणि त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही.

दोष द्यावा लागतो तो पुढील अवस्थेला. १९५८ साली बीबीसीकडे चित्रफितीचे तंत्र आले. दोन इंच रुंदीची ही फीत महाग होती; ती पुसून पुन्हा वापरता येत असे, आणि हाच तिचा मोठा गुण समजला गेला. नटांच्या व वादकांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणावर मर्यादा होत्या. प्रक्षेपणाची पद्धत ४०५ रेषांवरून ६२५ रेषांवर गेली, तेव्हा जुने मुद्रण अडगळ वाटू लागले. रंग आल्यावर तर कृष्णधवल फितीला बाजारात किंमतच उरली नाही. प्रत्येक कारण स्वतंत्रपणे पाहिले तर हिशेबी आणि समंजस आहे. या समंजसपणाची बेरीज मात्र भयंकर झाली.

अ‍ॅलन बेनेटची १९६६ सालची 'ऑन द मार्जिन' ही मालिका नावाजली गेली आणि पुसली गेली. आज तिचा केवळ आवाज उरला आहे. 'व्हॅक-ओ!'चे बहुतेक भाग नाहीसे झाले. पीटर कुक आणि डडली मूर यांच्या 'नॉट ओन्ली... बट ऑल्सो' या मालिकेच्या फिती पुसल्या जाणार हे कळताच कुकने त्यांच्या जागी नव्या फिती स्वतःच्या पैशाने घेऊन देण्याची तयारी दाखविली. ती नाकारण्यात आली. आपले अपत्य वाचविण्यासाठी कलावंत पैसे मोजावयास तयार आहे आणि नियमात बसत नाही म्हणून कचेरी ते घेत नाही, हा प्रसंग हॅन्कॉकच्या लेखकांनाही सुचला नसता. १९७८च्या सुमारास बीबीसीने ही पद्धत सोडली, तोवर एका युगाचा मोठा भाग गेला होता.

यावर असा युक्तिवाद केला जातो की, विनोद हा त्या क्षणापुरताच असतो. दूरचित्रवाणी हे दैनिकाप्रमाणे वाचून टाकून देण्याचे माध्यम आहे. परंतु दैनिकाचे उदाहरण या युक्तिवादाच्याच विरुद्ध जाते. ब्रिटनमध्ये कायद्यानुसार प्रत्येक वृत्तपत्राचा अंक राष्ट्रीय ग्रंथालयात जतन होतो. आडगावच्या साप्ताहिकातील साबणाची जाहिरात सांभाळणाऱ्या देशाने लाखो घरांनी एकाच वेळी अनुभवलेले हसणे मात्र जपण्याच्या लायकीचे मानले नाही. छापील शब्दाला प्रतिष्ठा होती, हशाला नव्हती.

हॅम्बुर्गची साक्ष

विस्मृती ही अभिरुचीचा अपरिहार्य परिणाम नव्हे, याचा पुरावा जर्मनीत आहे. ग्रिम्स्बीचा फ्रेडी फ्रिंटन हा ब्रिटनमध्ये मध्यम प्रतीचा यशस्वी नट होता. १९६३ साली हॅम्बुर्गमध्ये जर्मन दूरचित्रवाणीने त्याचे 'डिनर फॉर वन' हे प्रहसन इंग्रजीतच मुद्रित केले. नव्वदीची एक वृद्धा वाढदिवसाला चार मित्रांना जेवावयास बोलावते. ते चौघेही केव्हाच निवर्तले आहेत. म्हणून बटलर प्रत्येकाच्या वतीने पेला रिकामा करतो आणि वाघाच्या कातड्याला अडखळत झिंगत जातो. १९७२पासून हे प्रहसन जर्मनीत दर वर्षअखेरीस दाखविले जाते, आणि त्यावाचून तेथे नववर्ष उजाडत नाही. फ्रिंटनला हे भाग्य पाहावयास मिळाले नाही. तो १९६८ सालीच वारला. त्याच्या स्वतःच्या देशात ते मुद्रण दूरचित्रवाणीवर प्रथम दिसले २०१८ साली.

विनोद तोच, नट तोच; एका देशाने तो जपून दाखविला, म्हणून तो जिवंत राहिला. उलट आर्थर हेन्स हा त्या वेळी आयटीव्हीचा सर्वांत लोकप्रिय विनोदी नटांपैकी एक; १९६६ साली ५२व्या वर्षी हृदयविकाराने गेला. रंग येण्यापूर्वी गेलेल्या नटाच्या कृष्णधवल फिती पुन्हा कोणी लावल्या नाहीत, आणि एका पिढीच्या आतच त्याचे नाव पुसट झाले. ज्याला आपण काळाचा न्याय म्हणतो, तो पुष्कळदा केवळ पुनःप्रक्षेपणाचा न्याय असतो.

जपणे आणि पूजणे

अर्थात या हुरहुरीलाही लगाम हवा. काळे फासलेल्या गोऱ्या चेहऱ्यांचा 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' बीबीसीवर १९५८पासून १९७८पर्यंत चालला, हेही त्याच युगाचे सत्य आहे. स्पाइटने निर्मिलेल्या अ‍ॅल्फ गार्नेट या वंशद्वेष्ट्या पात्राची टिंगल व्हावी असा लेखकाचा हेतू होता. कित्येक प्रेक्षकांनी मात्र त्याच्या द्वेषालाच टाळ्या दिल्या. तो काळ निर्मळ होता असे म्हणणे म्हणजे जुन्या फितीवर नवा खोटेपणा मुद्रित करणे होय. परंतु म्हणून ते नष्ट करावे काय? २०२० साली 'फॉल्टी टॉवर्स'चा एक भाग एका वाहिनीने आपल्या संग्रहातून काढला आणि टीका होताच सूचनेसह परत ठेवला. हाच मार्ग शहाणपणाचा आहे. समाज कशावर हसला हे कळल्याखेरीज तो कशाला भीत होता आणि कोणाला तुच्छ मानीत होता हे कळत नाही. जपणे म्हणजे पूजणे नव्हे.

सुदैवाने शोध संपलेला नाही. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९३पासून हरवलेल्या कार्यक्रमांच्या शोधाची चळवळ चालविली आहे. 'डॅड्स आर्मी'चे दोन हरवलेले भाग २००१ साली परत आले, तीन अद्याप बेपत्ता आहेत. 'अ‍ॅट लास्ट द १९४८ शो'चे दोन भाग २०१४ साली डेव्हिड फ्रॉस्टच्या संग्रहात मिळाले. जे वाचले ते संस्थांच्या दूरदृष्टीपेक्षा कोणी घरी नेऊन ठेवलेल्या डब्यांमुळे, कोणी संचासमोर ध्वनिमुद्रक धरून बसल्यामुळे. ज्या हौशी माणसांची हुरहुर हास्यास्पद ठरली, त्यांनीच राष्ट्राचा दप्तरखाना सांभाळला. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने हे काम योगायोगावर सोपविता कामा नये. आज फितीची जागा संगणकाने घेतली असून पुसण्याचे काम एका कळीवर आले आहे. जागेची काटकसर आणि बाजारभाव हीच कारणे पुन्हा पुढे केली जातील. त्या वेळी कुकचे नाकारलेले पैसे संबंधितांनी आठवावेत.