धुके की धूर?

लंडन म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर प्रथम उभे राहते ते धुके. शेरलॉक होम्सच्या कथांनी आणि जुन्या इंग्रजी चित्रपटांनी ते आपल्या मनात इतके दाट बसविले आहे की, तिकडून परतलेल्या एखाद्या आप्ताने ‘धुके काही दिसले नाही’ असे सांगितले, तर आपल्यालाच फसल्यासारखे वाटते. पावसाचीही तीच कथा. लंडनमध्ये बारमाही पाऊस कोसळतो, हा आपला पक्का समज. प्रत्यक्षात तेथे वर्षाकाठी सुमारे ६०० मिलिमीटर, म्हणजे पुण्याहूनही कमी पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलै महिन्यात सरासरीने याहून अधिक पाऊस होतो.

मग ते सुप्रसिद्ध धुके गेले कुठे? थेम्सच्या खोऱ्यात हिवाळ्यात धुके पडते, हे खरेच आहे. परंतु ज्या पिवळट, घशाला झोंबणाऱ्या धुक्याने लंडनला कीर्ती दिली, ते मुख्यत्वे दगडी कोळशाच्या धुराने बनले होते. जॉन एव्हलिन याने १६६१ मध्येच पुस्तिका लिहून राजाकडे या धुराची तक्रार केली होती. ती कोणी मनावर घेतली नाही. पुढे क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराला त्याच धूसर हवेत सौंदर्य दिसले. धूर हा शहराचा स्वभावच मानला गेला, आणि स्वभावाला औषध नसते!

हा भ्रम फुटला तो ५ डिसेंबर १९५२ पासूनच्या पाच दिवसांत. एरवी जमिनीलगतची हवा वर जाते आणि धूर सोबत नेते. त्या आठवड्यात वारा पडला आणि थंड हवेवर उबदार हवेचे झाकण बसले. घरोघरच्या शेगड्या व वीजकेंद्रे यांचा धूर त्याखाली कोंडला. एका नाट्यगृहात तर प्रेक्षकांना रंगमंच दिसेना, म्हणून संगीतिका मध्येच थांबवावी लागली. मृतांची संख्या प्रथम चार हजार मानली गेली. नंतरच्या अभ्यासांनी ती बारा हजारांपर्यंत नेली. पुढील महिन्यांतील जादा मृत्यूंचे खापर मात्र सरकारने इन्फ्लुएंझावर फोडले होते. अखेर १९५६ मध्ये कायदा झाला. धूररहित क्षेत्रे ठरली, आणि शेगड्या बदलण्यासाठी नागरिकांना आर्थिक साहाय्य मिळाले. १९६२ मध्ये पुन्हा एकदा तसेच संकट आले. पण त्यानंतर ते जगप्रसिद्ध धुके हळूहळू विरले. थेम्स तीच, हिवाळा तोच; कमी झाला तो केवळ कोळशाचा धूर. आजही लंडनची हवा निर्मळ आहे असे नव्हे. मोटारींचा धूर डोळ्यांना न दिसताही छातीत जातोच. पण ज्याला निसर्ग समजले जात होते, ते माणसाचेच कृत्य होते, एवढे सिद्ध झाले.

हे सारे आठवण्याचे कारण घरचेच आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या लोकलमधून समोरच्या इमारती पुसट दिसू लागल्या की, ‘काय छान धुके पडले आहे, अगदी महाबळेश्वर!’ असे उद्गार ऐकू येतात. वास्तविक हिवाळ्यात मुंबईचा वारा मंदावतो आणि वाहनांचा धूर, बांधकामांची व रस्त्यांची धूळ खालीच रेंगाळते. दिल्लीत खरे धुके पडते, हे मान्य; पण त्यात मिसळलेल्या धुराचे पापही आपण थंडीच्या माथी मारतो.

हा केवळ शब्दांचा घोळ नाही. धुके म्हटले की दोष ऋतूचा, आणि ऋतूला जाब विचारता येत नाही. धूर म्हटला की तो कोणाचा, हा प्रश्न येतोच. हवेच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा आपल्याकडे १९८१ पासून आहे. पण कायद्याला जागे करणारा नागरिक आधी स्वतः जागा हवा. खिडकीबाहेर दिसते ते धुके नव्हे, धूर आहे, हे शिक्षकांनी वर्गात आणि आपण घरात सांगू लागलो, तरी सुरुवात झाली असे म्हणता येईल.