पुण्यात झाड तोडायला परवानगी लागते, मग दुर्मिळ झुडपांचं आणि वेलींचं काय?

पुण्यातल्या टेकड्यांवर उन्हाळ्याच्या तोंडावर फिकट गुलाबी फुलांनी बहरलेली झाडं दिसतात. ती बहुतेक ग्लिरिसिडियाची, म्हणजे गिरिपुष्पाची. हे झाड मूळचं मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं. झपाट्याने वाढतं, म्हणून वनीकरणात भरपूर लावलं गेलं.

कुळ एक, नशीब वेगळं

ग्लिरिसिडिया वाटाण्याच्या कुळातला. याच कुळातली एक दुर्मिळ वेल पुणे जिल्ह्याचीच आहे: म्युकुना संजाप्पी. खाजकुयलीची ही बहीण जुन्नरच्या डोंगराळ भागात सापडली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या संशोधकांनी 2012 मध्ये नवी प्रजाती म्हणून तिची नोंद केली. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे माजी संचालक एम. संजाप्पा यांच्यावरून तिला नाव मिळालं. खाजकुयलीच्या बियांत पार्किन्सनवर वापरलं जाणारं एल-डोपा असतं. त्यामुळे तिच्या रानटी बहिणीही संशोधनासाठी मोलाच्या ठरतात.

कायदा काय मोजतो?

महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. त्यात झाड कशाला म्हणायचं हे ठरलेलं आहे. परदेशी ग्लिरिसिडिया यात सहज बसतो. जुन्नरचा डोंगर या कायद्याच्या कक्षेतच येत नाही.

मग वाचवायचं कसं?

वाट जैविक विविधता कायदा, 2002 मध्ये आहे. नामशेष होण्याच्या मार्गावर असलेल्या प्रजाती कलम 38 नुसार केंद्र सरकार राज्याशी चर्चा करून अधिसूचित करू शकतं. शिवाय प्रत्येक महापालिका, नगरपालिका आणि ग्रामपंचायतीने जैवविविधता समिती नेमून स्थानिक प्रजातींची नोंदवही ठेवायची असते.

पण ही नोंदवही कपाटात राहिली तर उपयोग शून्य. वृक्षारोपणाआधी जागा 'साफ' केली जाते, तेव्हा गवत, वेली आणि झुडपं आधी जातात. त्या जागी लावलेल्या रोपांचा आकडा जाहीर होतो, उपटलेल्यांची मोजदादही होत नाही.

म्हणून यंदाच्या पावसाळ्यात तुमच्या भागात वृक्षारोपण असेल, तर 'किती रोपं लावणार?' याआधी एक प्रश्न विचारा: 'तिथे आत्ता काय उगवतंय, ते कुणी पाहिलंय का?'