आग विझवणाऱ्याला सक्तीने बसवा

22 ऑक्टोबर 2020 च्या रात्री मुंबईत नागपाड्याच्या सिटी सेंटर मॉलला आग लागली आणि ती पुरती विझायला दोन दिवसांहून अधिक वेळ लागला. शेजारच्या टॉवरमधल्या हजारो रहिवाशांना रात्रीतूनच बाहेर काढावं लागलं. धुराने गुदमरलेल्या काही जवानांना रुग्णालयात न्यावं लागलं. बंब किती आले, टँकर किती, वर्दी कितव्या लेव्हलची, हे सगळं आपण वाचलं. आतून बाहेर आलेला जवान किती वेळ बसला, किती पाणी प्यायला, पुन्हा आत जाण्याआधी त्याची नाडी कुणी पाहिली का, हे मात्र मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं.

मी ते शोधत होते, कारण माझी सगळी नोकरी एका सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत स्टाफ नर्स म्हणून गेली आणि माझे यजमान एका महापालिकेच्या अग्निशमन दलात लीडिंग फायरमन होते. फायर स्टेशनच्या वरच आमचं क्वार्टर. खाली घंटा झाली की पुढ्यातलं ताट तसंच राहायचं. त्याबद्दल माझी तक्रार नाही. ते काम त्यांनी आपणहून पत्करलं होतं आणि मला त्याचा आजही अभिमान आहे. माझी तक्रार आहे ती जवान आगीतून पहिल्यांदा बाहेर येतो, त्या क्षणापासून पुढची.

एका मे महिन्यात प्लॅस्टिकच्या गोदामाला आग लागली. वर्दी मध्यरात्रीची होती, यजमान घरी आले दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभरात पोटात काय गेलं म्हणून विचारलं, तर दोनदा चहा, एक वडापाव आणि कुणीतरी हातात दिलेली पाण्याची अर्धी बाटली. तिन्हीसांजेला मांड्यांत आणि पोटऱ्यांत असे गोळे यायला लागले की धडधाकट माणूस कळवळला. नुसतं बसलेलं असताना नाडी एकशेतीसच्या घरात. मग हळूच म्हणाले, ‘‘लघवी कोऱ्या चहासारखी होतेय गं.’’ कॅज्युअल्टीत काम केलेल्या बाईला यापुढे काही सांगावं लागत नाही. अति श्रम, अति उष्णता आणि पाण्याचा तुटवडा एकत्र आला की स्नायूंच्या पेशी फुटतात, त्यांतलं द्रव्य रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडांना इजा करतं. तातडीने सलाईन सुरू झालं म्हणून डायलिसिसची वेळ टळली. कार्यालयात त्या दिवसांची नोंद वैद्यकीय रजा अशी झाली, कारण आजार ड्युटी संपल्यावर सुरू झाला होता.

आग विझवताना शरीरात काय होतं, ते साध्या शब्दांत सांगते. अंगावरचा जाड सूट, बूट, हेल्मेट आणि पाठीवरचा बीए सेट, म्हणजे हवेच्या सिलिंडरचं श्वसनयंत्र, मिळून वीस किलोच्या वर ओझं होतं. बाहेरची उष्णता आत येऊ नये म्हणून जो सूट आहे, तोच अंगातली उष्णता बाहेर जाऊ देत नाही. घाम तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त जातो, पण सुटाच्या आत तो वाळत नाही, म्हणून गारवाही मिळत नाही. आपल्या किनारपट्टीवरच्या दमट हवेत तर सूट काढल्यावरही घाम लवकर वाळत नाही. शरीरातलं पाणी घटतं, तेवढ्याच कामासाठी हृदयाला जास्त वेगाने धावावं लागतं. आगीच्या कामानंतर रक्ताची गुठळी होण्याकडे कल वाढतो, हेही तपासण्यांत दिसलं आहे. आणि जवान बाहेर आला म्हणजे त्याचा ताप लगेच उतरतो असं नाही. बाहेर आल्यावरही काही मिनिटं अंगातलं तापमान चढत राहू शकतं. नेमक्या याच वेळी आपण त्याच्या हातात चहाचा कप देतो आणि दुसरा सिलिंडर लावतो.

हार्वर्डच्या संशोधकांनी 1994 ते 2004 या काळात अमेरिकेत कामावर मरण पावलेल्या अग्निशमन जवानांच्या नोंदी तपासल्या आणि 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. भाजून, गुदमरून किंवा इमारत कोसळून जास्त जण गेले असतील, असंच आपल्याला वाटेल. पण शंभरातले 39 मृत्यू हृदयविकाराचे होते. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानाच्या कामाचा जेमतेम एक ते पाच टक्के वेळ जातो, आणि हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी 32 टक्के त्या तेवढ्याशा वेळाशी जोडलेले निघाले. हे आकडे समशीतोष्ण देशातले आहेत. 16 एप्रिल 2023 ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हात नुसती बसलेली माणसं उष्माघाताने गेली, हे आपण विसरलो नसू, तर त्याच महिन्यात, त्याच हवेत, अंगावर तो सूट घालून जिने चढणाऱ्याचं काय होत असेल, याची कल्पना करायला वैद्यकीय शिक्षण लागत नाही.

उपाय शोधायला लांब जायचं कारण नाही, तो लिहून ठेवलेला आहे. अमेरिकेतल्या एनएफपीए या अग्निसुरक्षा संस्थेने 1584 क्रमांकाचं मानकच याच विषयावर केलं. त्याचा गाभा असा: अर्ध्या तासाचा एक सिलिंडर संपला की निदान दहा मिनिटं थांबायचं आणि पाणी प्यायचं. दुसरा संपला, किंवा सिलिंडर न लावताही चाळीस मिनिटं अंगमेहनतीचं काम झालं, की किमान वीस मिनिटं ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागी जायचं. तिथे सूट उतरवायचा, अंग गार करायचं, पाणी प्यायचं आणि वैद्यकीय मदतनीसाकडून तपासून घ्यायचं. त्याने ठीक म्हटल्याशिवाय परत कामाला लागायचं नाही. सिलिंडरवर जी मिनिटं लिहिलेली असतात ती शांत श्वासाची. जोराच्या कामात हवा संपत आल्याची शिट्टी त्याच्या कितीतरी आधी वाजते. म्हणून मिनिटांपेक्षा सिलिंडर मोजणं जास्त खरं.

यातलं काय महाग आहे? सावलीसाठी एक ताडपत्री. बसायला बाकं. जनरेटरवर चालणारा पंखा. ओआरएसची पाकिटं आणि पिण्याच्या पाण्याचे जार. अंग गार करायचा एक फार चांगला मार्ग तर आपल्या घराघरांत आहे: गार पाण्याच्या बादलीत दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवून दहा-पंधरा मिनिटं बसणं. हातांच्या त्वचेतून रक्त गार होऊन परत फिरतं. परदेशात यासाठी हत्त्यांमध्ये पाण्याची पिशवी असलेल्या खास खुर्च्या मिळतात. आपल्याला दोन बादल्या आणि एक स्टूल पुरेल. जानेवारीच्या थंड पहाटे मुंबईत मॅरेथॉन होते, तेव्हा धावणाऱ्यांसाठी वाटेत पाणी, डॉक्टर, रुग्णवाहिका असं सगळं उभं असतं. हौसेने धावणाऱ्यासाठी जे शहर एवढं करतं, ते धुरात शिरणाऱ्यासाठी बादली ठेवू शकेल.

अवघड आहे ती जवानाला बसवण्याची गोष्ट. ‘‘वहिनी, आपला माणूस आत असताना बाहेर बसवत नाही,’’ हे मी किती जणांच्या तोंडून ऐकलं असेल. दमलो म्हणणं त्यांना कमीपणाचं वाटतं. म्हणून विश्रांती ही जवानाच्या मर्जीवर सोडायचीच नाही. ‘थकलास तर बस’ या सूचनेला काही अर्थ नाही. दुसरा सिलिंडर संपला, नाव पुकारलं, बस, हा हुकूम हवा, आणि तो मोडणं म्हणजे शिस्तभंग मानला पाहिजे. बीए सेट लावून कोण आत गेला, किती वाजता, किती प्रेशरवर, हे एंट्री कंट्रोलच्या फळ्यावर लिहायचं प्रशिक्षण जवानांना मिळतंच. त्याच फळ्यावर आणखी एक रकाना आखा: ‘बाहेर, अमुक वाजेपर्यंत.’ आणि तो साहेबांनाही लागू करा. आपल्याकडे अधिकारी मागे उभे राहत नाहीत. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या गोकुळ निवासच्या आगीत मुंबई दलाने चार अधिकारी गमावले, त्यांत प्रमुख अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर होते. त्यांचा घात इमारत कोसळल्याने झाला, थकव्याने नव्हे; पण साहेब स्वतः पुढे असतात याची यापेक्षा मोठी साक्ष नाही. आणि साहेब बसले नाहीत, तर हाताखालचा कुणीही बसणार नाही.

तपासणीबद्दल मला परिचारिका म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. कोविडनंतर बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरोघरी आलं. आगीच्या जागी ते लावून ‘अठ्ठ्याण्णव आहे, ठीक आहे’ म्हणत जवानाला परत पाठवलं, तर तो घात ठरू शकतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो, आणि साध्या ऑक्सिमीटरला या दोघांतला फरक कळत नाही. रक्तात विष असतानाही आकडा चांगलाच दिसतो. तो वायू ओळखणारं वेगळं यंत्र असतं, तेही बोटालाच लावतात, आणि ते मोठ्या आगीवर जाणाऱ्या रुग्णवाहिकेत असायला हवं. ते नसेल तर लक्षणांवर विश्वास ठेवा. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं बोलणं, हे धुरातून आलेल्या माणसात थकवा समजू नका. मास्कने ऑक्सिजन लावा आणि रुग्णालयात न्या. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात; ऑक्सिजनवर ते काम साधारण दीड तासात होतं.

दलात आता मुलीही आहेत. त्यांच्यातल्या काहींनी मला सांगितलं की लांबलेल्या वर्दीवर त्या मुद्दाम पाणी पीत नाहीत, कारण लघवीला जायचं कुठे? हे ऐकून मला संताप आला. मोठी वर्दी असेल तिथे फिरतं स्वच्छतागृह पाठवणं महापालिकेला जड नाही. सभा-संमेलनांना ती जातातच.

‘माणसंच नाहीत, बसवायचं कुणाला?’ हा आक्षेप मला माहीत आहे आणि तो खोटा नाही. भरती रखडते, जागा रिकाम्या राहतात, एकाच तुकडीला रात्र काढावी लागते. पण दमलेल्या जवानाला आत ठेवल्याने माणसं वाढत नाहीत. तो कोसळला तर त्याला उचलायला आणखी चार जण लागतात, आणि आगीवरचे तेवढे कमी होतात. मोठी वर्दी जाहीर झाली की नुसते जादा बंब मागवण्याऐवजी बदलीची तुकडी पहिल्या तासातच मागवायची, शेजारच्या महापालिका आणि एमआयडीसीच्या केंद्रांशी तसा करार आधीच करून ठेवायचा, आणि 108 ची एक रुग्णवाहिका फक्त जवानांसाठी उभी ठेवायची. जखमी रहिवाशाला घेऊन ती निघून गेली, तर तिच्या जागी दुसरी आली पाहिजे. आणि रिक्त जागा भरा, हे तर आहेच.

नोंदीचा प्रश्न उरतो. अमेरिकेने 2003 मध्ये कायदा केला: धकाधकीच्या वर्दीनंतर 24 तासांच्या आत जवानाला हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन मृत्यू आला, तर तो कर्तव्यावरचा मृत्यू धरायचा, तसं नसल्याचं वैद्यकीय पुराव्याने सिद्ध होईपर्यंत. आपल्याकडे राज्य सरकारने निदान एवढं तरी लिहून द्यावं की मोठ्या वर्दीनंतर 24 तासांत सुरू झालेला उष्णतेचा, हृदयाचा, मूत्रपिंडाचा किंवा धुराचा आजार कर्तव्यावरचा समजला जाईल. माझ्या यजमानांची रजा गेली, त्याचं आता काही नाही. पण रजेच्या कागदात गाडलेला आजार कुणी मोजत नाही, आणि जे मोजलं जात नाही त्यासाठी पैसे मंजूर होत नाहीत.

14 एप्रिल 1944 ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला, अग्निशमन दलाचे 66 जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवसापासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. येत्या सप्ताहात प्रत्येक महापालिका आयुक्तांनी विश्रांती, पाणी आणि तपासणी यांचा एक पानी हुकूम काढावा आणि तो प्रत्येक केंद्राच्या वॉचरूममध्ये लावावा.

आणि वाचकहो, तुमच्या गल्लीत आग लागली तर मोबाइल वर धरून उभे राहू नका. सोसायटीचं ऑफिस किंवा तळमजल्यावरची एखादी खोली उघडून द्या. तिथे पंखा लावा, बादल्या भरून ठेवा, स्वच्छतागृहाची किल्ली अधिकाऱ्यांच्या हातात द्या. चहाआधी पाणी आणि ओआरएस द्या. एखादा जवान डोकं धरून बसलेला दिसला, तर त्याच्या साहेबांना लगेच सांगा आणि रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांना आवर्जून कळवा की हा माणूस आत धुरात होता.