जीर्णोद्धार कीं वेषांतर?

कांहीं शब्द फार पवित्र असतात, आणि म्हणूनच त्यांच्या आड फार पापें लपतात. ‘जीर्णोद्धार’ हा त्यांपैकींच एक. गांवोगांवच्या जुन्या देवळांत जाऊन पाहावें. काळ्या पाषाणाच्या खांबांवर तैलरंगाचे थर चढलेले, गाभाऱ्यांत स्नानगृहास शोभणाऱ्या फरशा बसविलेल्या, आणि दारावर दात्याच्या नांवाची संगमरवरी पाटी! ज्या दगडांत कारागिराचा हात दिसत होता तो दगडच दिसेनासा करावयाचा आणि त्यास जीर्णोद्धार म्हणावयाचें, ही रीत आपल्या अंगवळणीं पडली आहे. देवळांतून निघालेली ही रीत आतां वाहनांपर्यंत येऊन पोंचली आहे. जुनी जीप विकत घ्यावी, घरच्या अंगणांत तिचे भाग सुटे करावे, वर्षभरानें तिचें ओळखूं न येणारें रूप बाहेर काढावें आणि ‘आम्ही जुनी जीप वाचविली’ असें चारचौघांत सांगावें, हा उद्योग हल्लीं सुशिक्षितांत मोठ्या हौसेनें चालतो. हौसेला आमचा विरोध नाहीं. ती आम्हांसही आहे. पण वाचविली म्हणजे काय केलें, याचा जाब कोणी तरी मागितला पाहिजे.

या बाबतींत दोन पंथ आढळतात. एक सोंवळ्यांचा, दुसरा नटव्यांचा. सोंवळ्यांचें म्हणणें असें कीं, गाडी कारखान्यांतून बाहेर पडली त्या दिवशीं जशी होती तशीच ठेवावी. बोल्टच्या माथ्यावरील खूणदेखील जुळली पाहिजे. नटव्यांचें मत याच्या अगदीं उलट. सांगाडा जुना असला म्हणजे झालें. बाकी इंजिन, चाकें, पाटे, दिवे, आसनें सारें नवें, मोठें आणि झगझगीत असावें. हे दोन्ही पंथ एकमेकांस तुच्छ लेखतात. आमच्या मतें दोघांची चूक एकच आहे. जीप ही वस्तु कशासाठीं जन्मास आली, हा प्रश्न दोघांनींही स्वतःस विचारलेला नाहीं.

उत्तरासाठीं फार मागें जावें लागत नाहीं. १९४० सालीं अमेरिकन सैन्यास चारही चाकांना जोर मिळणारी एक हलकी टेहळणी-गाडी हवी होती. बॅन्टम नांवाच्या लहानशा कंपनीनें त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत पहिला नमुना सैन्याच्या हवालीं केला. पुढें मोठ्या प्रमाणावर गाड्या काढल्या त्या विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनीं, आणि १९४५ पर्यंत त्यांची संख्या सहा लाखांवर गेली. इंजिन १३४ घन इंचांचें, शक्ति ६० अश्वांची; त्यांत अलौकिक असें कांहीं नव्हतें. अलौकिक होती ती तिची दुरुस्त होण्याची तयारी. दोन निरनिराळ्या कारखान्यांच्या गाड्यांचे भाग एकमेकींस बसत. मोडक्या गाडीवरचा भाग काढून, हाताशीं असलेल्या चार पान्यांनीं, चिखलांत बसून दुसरीवर चढवितां येई. महायुद्धानंतर, त्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रांनीं मुंबईंत विलीज जीपची जुळणी सुरू केली. उंच बॉनेटची ‘सीजे-३बी’ अमेरिकेंत १९५३ मध्यें निघाली व १९६८ मध्यें थांबली. आपल्याकडे ती त्यानंतरही कित्येक वर्षें निघत राहिली. सातारा-कोल्हापूरकडे वडापच्या जीपा दहांच्या जागीं वीस माणसें घेऊन धांवल्या, त्या तालुक्याच्या मिस्त्र्यांच्या जिवावर. लोहाराच्या भात्याशेजारीं उभें राहूनही जें यंत्र पुन्हां चालूं लागतें, त्याचें नांव जीप.

आतां सोंवळ्या पंथाकडे वळूं. फोर्डनें आपल्या गाडीच्या बोल्टांवरही ‘एफ’ हें अक्षर उठविलें होतें, आणि आज हें अक्षर शोधीत फिरणारे रसिक आहेत. ज्या सैनिकानें रात्रीच्या अंधारांत एका जीपचे भाग दुसरीस लावले, त्यास तें अक्षर वाचण्यास वेळ नव्हता. ज्या मूळ स्वरूपाची पूजा हे लोक बांधतात तें जीपच्या आयुष्यांत फार थोडे दिवस टिकलें असेल. पण ही केवळ हौशी चूक असती तर आम्ही लेखणी उचलली नसती. या सोंवळ्यापायीं जीव जाण्याची वेळ येते, आणि तें आम्ही अनुभवानें सांगतों.

आमच्या चुलत्यांची सीजे-३बी त्यांच्यामागें आमच्याकडे आली, तेव्हां आम्हीही याच पंथांत होतों. या जुन्या जीपांत चारही चाकांच्या ब्रेकांना एकच मास्टर सिलिंडर आणि तेलाचा एकच मार्ग असतो. कोठेंही एक नळी फुटली कीं चारही ब्रेक एकदम जातात. हें आम्हांस ठाऊक होतें. तरी ‘मूळचें आहे तें असूं द्यावें’ म्हणून आम्ही त्यास हात लावला नाहीं. एके सायंकाळीं वरंध घाट उतरतांना पायाखालचा ब्रेक एकाएकीं तळास गेला. मागच्या चाकाकडे जाणारी नळी आंतून गंजून फुटली होती. शेजारीं आमचा बारा वर्षांचा पुतण्या बसला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्यें होती म्हणून वेग बेताचा होता, आणि जीपचा हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर बॉक्सच्या मागील दांड्यावर असतो, म्हणून तो तरी शाबूत राहिला. तो ओढून, डोंगराच्या बाजूच्या गटारांत चाक घालून, गाडी थांबविली. पोर बराच वेळ गप्प होतें. मग त्यानें विचारलें, “काका, तुम्हांला ती नळी जुनी आहे हें माहीत होतं ना?” या प्रश्नास सोंवळ्या पंथाकडे उत्तर नाहीं, आमच्याकडेही नव्हतें.

नटव्या पंथाचा दोष उलट्या जातीचा. जीप आंखूड आणि अरुंद. युद्धकाळच्या गाडीच्या पुढच्या-मागच्या आंसांतील अंतर अवघें ८० इंच. अशा गाडीखालीं उंच पाटे घालावे, त्याखालीं अवाढव्य टायर लावावे, कीं तिचा गुरुत्वमध्य वर चढलाच. मग वळणावर ती कलंडूं पाहते. दांड्यांच्या सांध्यांचे कोन वाढतात आणि सांधे लौकर झिजतात. स्टिअरिंगवर व चाकांच्या बेरिंगांवर नको तो भार येतो. मोठें चाक थांबवावयास ब्रेकही मोठे लागतात. पण ब्रेक छायाचित्रांत दिसत नसल्यामुळें ते जुनेच राहतात! सहा सहा प्रखर दिवे समोर लावून समोरच्या गाडीवाल्याचे डोळे दिपवावयाचे, आणि आपली गाडी मात्र थांबवितां येऊं नये, यास सुधारणा म्हणावयाचें काय?

त्यांतही रंगाची कथा निराळीच. आमच्या गाडीचें पत्र्याचें काम पूर्वीं एका कारखान्यांत झालें होतें. बाहेरून ती आरशासारखी चकाकत होती. आम्ही सहज लोहचुंबक लावून पाहिला, तर पायाखालच्या पत्र्यावर तो चिकटेचना! गंज कापून नवा पत्रा जोडण्याऐवजीं भोंकांवर लांबी भरून वर रंग फासला होता. लांबी खरवडली तेव्हां ताट जाईल एवढें भोंक निघालें. देवळांतील तैलरंग आणि गाडीवरची लांबी यांत आम्हांस कांहींच अंतर दिसत नाहीं. दोन्हींचें काम एकच, खरें तें झांकणें.

कायदाही या वादांत पडला आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें कीं, नोंदणीपत्रांतील तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशीं विसंगत होईल असा फेरबदल मालकानें करूं नये. आणि सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें हेंच ठामपणें सांगितलें. इंजिन बदलावयाचें तर आधीं परवानगी हवी. नटव्यांना हा चाप योग्यच आहे. उलट २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांवरील वाहनांस ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली. मात्र सांगाडा, अंग वा इंजिन यांत मोठा फेरबदल नसावा आणि गाडी नित्याच्या वापरास रस्त्यावर आणूं नये, अशी अट घातली. म्हणजे सोंवळ्यांची सोय झाली. देवघरांतल्या मूर्तीप्रमाणें गाडी झांकून ठेवावी! शेतावर जाणारी, घाट चढणारी, कामाची जीप या व्यवस्थेंत पाहुणीसारखी अवघडून उभी आहे. तिचा कैवार घेणारा तिसरा पंथ हवा.

त्या तिसऱ्या पंथाच्या कसोट्या तीनच. फेरबदलानें माणसाचा जीव अधिक सुरक्षित होतो काय? तो फेरबदल पुढच्या पिढीस उलटवितां येईल काय? आणि तो बिघडल्यास तालुक्याच्या गांवीं, साध्या हत्यारांनीं, दुरुस्त होईल काय? तिन्हींस ‘होय’ असें उत्तर आलें तरच हात लावावा. पुढच्या व मागच्या चाकांस तेलाचा वेगवेगळा मार्ग देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर या कसोटीस उतरतो. ९ इंचांच्या ड्रमांऐवजीं त्याच घराण्यांतील ११ इंचांचे ड्रमही उतरतात. सहा व्होल्टच्या जागीं बारा व्होल्टची योजनाही उतरते. कारण व्होल्टेज दुप्पट झालें कीं तेवढ्याच प्रकाशास विद्युत्प्रवाह निम्मा लागतो, आणि जुन्या तारा व गंजके सांधे उजेड खाऊन टाकीत नाहींत. संगणकाच्या लहरीवर चालणारें परकें इंजिन मात्र तिसऱ्या कसोटीवर नापास होतें. सांगाडा कापून जोडणें दुसऱ्या कसोटीवरच बाद. काढलेला प्रत्येक जुना भाग तेलाच्या फडक्यांत गुंडाळून, चिठ्ठी बांधून, फळीवर ठेवावा. तो आपला नव्हे. पुढच्या मालकाचा आहे.

येथें एक व्यवहारी आक्षेप येतो: एवढ्या पैशांत बरी नवी गाडी आली असती, शिकल्या सवरल्या माणसानें रॉकेलच्या घमेल्यांत नट-बोल्ट धूत बसावें काय? यांतील पहिला भाग आम्हांस मान्य आहे. हिशेबांत जुनी जीप परवडत नाहीं. तिचा धूरही नव्या गाडीहून वाईट, तेव्हां रोज शहरांत ती फिरविण्याचें समर्थन आम्ही करणार नाहीं. पण दुसऱ्या भागांतील तुच्छता आम्हांस असह्य वाटते. हात काळे करणाऱ्यास खालीं बसवून, हातास डाग न लागलेल्यास वर बसविणें हा आपल्या समाजाचा जुना रोग आहे. आपण ज्या यंत्रांवर रोज जीव सोंपवितों त्यांविषयीं आपलें अज्ञान अगाध आहे, आणि त्या अज्ञानाचा आपण मोठेपणा मिरवितों! वरंध घाटांतील ती नळी मिस्त्र्यानें बदलली असती तर आम्ही पैसे देऊन विसरून गेलों असतों. ती पुतण्यानें व आम्हीं मिळून बदलली. आज तो ब्रेकच्या तेलांत पाणी कसें शिरतें आणि नळी आंतून कां गंजते, हें आम्हांस समजावून सांगतो. घरच्या दुरुस्तीचा एवढा एक नफा आम्ही वहींत मांडूं शकतों, आणि तो आम्हांस पुरेसा वाटतो.

सोंवळ्यांनीं काचेच्या कपाटाचा मोह सोडावा, नटव्यांनीं आरशाचा. जीर्णाचा उद्धार म्हणजे त्यास पुन्हां कामास लावणें. पायाखालचा पत्रा लोखंडाचा असावा, ब्रेक वेळेवर लागावा, आणि उद्यां ज्याच्या हातीं गाडी जाईल त्यास आपण काय केलें तें स्पष्ट दिसावें. एवढें ज्याला जमलें त्यानें जीप खुशाल जुन्या हिरव्या रंगाची ठेवावी, नाहीं तर लाल करावी. आमचें कांहींएक म्हणणें नाहीं.